तोंड ढगात, कान टेबलावर

मी एक जुना फोन आहे, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात म्हणे. मला पुसायला डोळे नाहीत. एक लाल दिवा तेवढा आहे.

मित्रांनो, फोन म्हटल्यावर तुम्ही गोल तबकडीचा काळा, जड फोन डोळ्यांसमोर आणला असेल. तो मी नव्हे. तो माझ्या आधी या टेबलावर होता. मी इंटरनेटवर चालणारा फोन आहे. सात वर्षांचा आहे, म्हणजे माझ्या जातीत पणजोबाच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक लोखंडी बोट होतं. त्या बोटाने माझं प्रत्येक बटण एक लाख वेळा दाबलं. पाचाच्या बटणाला तर इतक्या गुदगुल्या झाल्या, की ते अजूनही दाबलं की जरा उशिरा वर येतं. मग मला टेबलाच्या उंचीवरून तीनदा खाली टाकलं. मी ‘हूं की चूं’ केलं नाही. शेजारचा फोन रडला, त्याचं रिमोट कंट्रोल केलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे, पण पुढचं मात्र शब्दन् शब्द खरं आहे.

माझी रवानगी झाली ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. पुढे दोन टेबलं, मागे वर्कशॉप, मध्ये काचेचं दार. वर्कशॉपमध्ये मोटारी, तारांची भेंडोळी, आणि ग्रीसचे हात जिथे तिथे लावणारा एक मेकॅनिक. त्याच्या कानामागे पेन्सिल आणि खिशात कायम पाना, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. पुढच्या एका टेबलाशी मालक बसायचा, आणि दुसऱ्या टेबलाशी, माझ्याशी, त्याची आत्या.

आत्या सव्वीस वर्षं फोन उचलत होती. तिची एक पद्धत होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन आला, की ती ‘हॅलो’ म्हणायची नाही. आवाजावरूनच ओळखायची आणि म्हणायची, “घाबरू नका.” मग विचारायची, “कितव्या मजल्यावर आहात? आत किती जण?” एका हाताने काच वाजवून पान्याला पिटाळायची, आणि तो पोहोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायची. छताला किती स्क्रू आहेत ते मोजायला लावायची. एका वकिलाला तिने तेराचा पाढा म्हणायला लावला. तो ‘तेर साते’ला अडकला तेव्हा म्हणाली, “बघा, लिफ्ट बरी. ती निदान दुरुस्त होते.”

मी आलो तेव्हा कौतुक फार झालं. मी एका वेळी चार फोन घेत होतो. पुढचा फोन मागे वर्कशॉपमध्ये पाठवत होतो. ऑफिसची जागा बदलली तरी नंबर तोच राहणार होता. मालक येईल त्याला माझी बटणं दाखवायचा, जणू मी त्याचा पहिलीत पहिला आलेला मुलगा.

मला जोडणारा माणूस मोठा हुशार होता. तो म्हणाला, “एक लक्षात ठेवा. तुमचा जुना फोन जेवणाचा डबा स्वतःच्या तारेतून आणायचा. ऑफिसची वीज गेली तरी तो चालायचा. याचं तसं नाही. याला वीज लागते, त्या वायफायच्या डब्यालाही लागते. दोघांना बॅटरीच्या पेटीवर लावा. आणि हा बंद पडला, तर फोन कोणाच्या मोबाईलवर वळवायचा तो नंबर मला द्या.”

“बघू,” मालक म्हणाला.

मित्रांनो, या ‘बघू’वर माझा फार राग आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी भांडता येतं. ‘बघू’ म्हणणाऱ्याशी काय भांडणार? तो तर तुमच्या बाजूचाच असतो!

बॅटरीची पेटी आली. ऑफिसच्या कोपऱ्यात मालकाची एक लाडकी माशांची टाकी होती, तिच्यात सहा केशरी मासे. “वीज गेली तर माशांची हवा बंद होईल,” मालक म्हणाला, आणि पेटीवर टाकी लावली. मला भिंतीतल्या साध्या प्लगवर. वायफायचा डबाही माझ्याशेजारीच, उघड्यावर.

आता ऐका, माझ्या तळपायाची आग मस्तकात कशाने जाते ते. (तळपाय म्हणजे माझे चार रबरी ठोकळे.) हाच मालक प्रत्येक इमारतीत जाऊन सांगायचा, “लिफ्टला बॅटरी लावून घ्या. वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडेल. ‘बघू बघू’ करू नका, माणसं अडकतात.” तोंड दुखेपर्यंत सांगायचा. आणि ज्या फोनवर ती अडकलेली माणसं हाका मारणार, तो फोन वीज गेल्यावर आधी मरणार, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. लिफ्टवाल्याच्या डोक्यात! दुसऱ्या कुणाच्या नसतं आलं तर मी समजून घेतलं असतं.

पुढची गंमत आणखी कडू आहे. माझा अर्धा जीव टेबलावर असतो आणि अर्धा लांब कुठल्यातरी शहरातल्या मोठ्या संगणकात. त्याला हे लोक क्लाउड म्हणतात, मी ढग म्हणतो. फोन आला की आधी ढगातला आवाज बोलतो, मग मी टेबलावर वाजतो. त्या आवाजासाठी जोडणीवाल्याने आत्याला बसवलं. तिने घसा खाकरला आणि सुरुवात केली, “घाबरू नका…”

“ते काढा, आत्या,” तो म्हणाला. “ऐकणारा उगाच घाबरतो. ‘कृपया थांबा’ म्हणा. सगळीकडे तसंच असतं.”

तिने नाक मुरडलं, पण म्हटलं. “नमस्कार. नवीन लिफ्टसाठी एक दाबा. दुरुस्तीसाठी दोन दाबा. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर तीन दाबा. आमचे सर्व प्रतिनिधी दुसऱ्या फोनवर आहेत. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा.”

पाना काचेच्या दारातून हसला. “सर्व प्रतिनिधी म्हणजे मीच ना? मी कधीपासून सर्व झालो?”

सहा महिने गेले. एके दिवशी मालक आत्याला म्हणाला, “आत्या, आता मशीन बोलतंय तुझ्याच आवाजात. तू कशाला रोज दगदग करतेस? घरी आराम कर.”

आत्याने मला पुसलं. रिसीव्हरची वायर सरळ केली. चष्म्याचं घर उचललं आणि गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने कुणाला काही विचारलं नाही. तिच्या खणाची किल्ली मात्र चुकून तिच्या पर्समध्येच राहिली.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, सगळ्या भागाची वीज गेली. मी मेलो. पुढचे अडीच तास मला काहीच ठाऊक नाही. जे सांगतो ते दुसऱ्या दिवशी पाना माझ्यावरूनच आपल्या बायकोला सांगत होता तेव्हा ऐकलेलं आहे.

ऑफिसात अंधार. फक्त माशांच्या टाकीचा दिवा चालू. मालक आणि पाना टाकीसमोर खुर्च्या ओढून बसले होते.

“काय शांत आहे बघ,” मालक म्हणाला. “एक फोन नाही. मशीन लावल्यापासून कटकटच मिटली.”

तासाभराने पाना म्हणाला, “साहेब, वीज गेलीय आणि एकही लिफ्ट अडकली नाही? असं कधी झालंय?”

“लोकांनी बॅटऱ्या लावल्या असतील. आपण इतकं सांगतो.”

“लोकांनी?” पाना म्हणाला. “आपलं ऐकून?”

तरीही दोघं बसून राहिले. मासे बुडबुडे सोडत होते.

वीज आली. मला जागं व्हायला तीन मिनिटं लागतात. जागा झालो, तर माझा लाल दिवा लुकलुकत होता. अकरा निरोप. माझे कान टेबलावर मेले होते, पण माझं तोंड ढगात जिवंत होतं! ज्याने फोन केला त्याला ते ‘कृपया थांबा’ म्हणत होतं आणि पुढचं बोलणं निरोप म्हणून साठवत होतं. आणि उचलायला कुणीच नव्हतं.

मालकाने स्पीकरचं बटण दाबलं.

पहिला निरोप. “अरे, मी आत्या. आमच्याच लिफ्टमध्ये अडकलेय. पान्याला पाठव.”

मालकाचा चेहरा टाकीतल्या माशासारखा झाला. तोंड उघडं, आवाज नाही. आत्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. चालत पाच मिनिटं. पाना पाना घेऊन सुसाट पळाला.

तिसरा निरोप. “तुझा मोबाईल लावला तर वाजतोय नुसता. कामाच्या वेळी मोबाईलवर फोन करायचा नाही, ऑफिसच्या नंबरवर करायचा, हा तुझाच नियम ना? मग उचल की!” मालकाने खिशातून मोबाईल काढला. त्याचा आवाज बंद होता. त्यावर आत्याचे चार फोन येऊन गेले होते.

पाचव्या निरोपात ती कुणाशी तरी भांडत होती. “काय थांबा? तूच थांब! तीन दाबलं, आता काय दाबू, गळा?” मग एकदम, “अगं बाई. ही मीच आहे.”

आठव्यात नुसता श्वास होता. मोठा, तुटक. नववा तसाच. दहाव्यात काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

अकरावा निरोप मी आजवर जपून ठेवला आहे. त्यात आत्याचा आवाज बारीक झाला होता. ती म्हणत होती, “घाबरू नका. कितव्या मजल्यावर आहात?” मग स्वतःच उत्तर देत होती, “दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये.” “आत किती जण?” “एकटीच आहे, बाई.” “बरं. छताला स्क्रू किती आहेत ते मोजा बघू.” आणि ती मोजायला लागली. एक. दोन. तीन. नऊपर्यंत आली आणि निरोपाची वेळ संपली.

मालक होता तिथेच खाली बसला.

आणि तेवढ्यात काचेचं दार उघडलं. वीज आल्यावर लिफ्ट आपोआप खाली आली होती, आणि आत्या कुणाची वाट न बघता तडक इथे चालत आली होती. पदर घामाने चिंब. मागून धापा टाकत पाना. त्याची आणि तिची गाठ वाटेतच पडली होती. तिने पर्समधून किल्ली काढून टेबलावर आपटली.

“ही द्यायला निघाले होते,” ती म्हणाली. “परत करायची राहिली होती ना.”

मालकाला काय करावं सुचेना, म्हणून त्याने तेच केलं जे माणसं नेहमी करतात. मला उचललं. “या डब्याने घात केला, आत्या! आत्ताच्या आत्ता फेकून देतो.”

मित्रांनो, सगळं खापर माझ्या डोक्यावर! मी मूग गिळून बसलो. दुसरं काय करणार, मला कुणी विचारलं तर ना! पण आत्याने त्याच्या हातातून मला काढून घेतलं.

“त्याला का मारतोस?” ती कडाडली. “त्याला जेवायला कुणी घातलं नाही ते विचार. तोंड त्याचं उघडं ठेवलंस आणि कान कापलेस. तुझे मासे बघ, कसे टुणटुणीत आहेत!”

पाना खाली वाकला. त्याने टाकीचा प्लग काढून भिंतीत घातला, आणि माझा व वायफायच्या डब्याचा प्लग बॅटरीच्या पेटीत घातला. किती वेळ लागला असेल? एक मिनिटही नाही. एका मिनिटाचं काम, आणि सहा महिने ‘बघू’! मग त्याने जोडणीवाल्याला फोन लावून दोन मोबाईल नंबर दिले, एक स्वतःचा आणि एक आत्याचा. मी मेलो तरी फोन आता तिथे जातो.

आत्याने किल्ली परत पर्समध्ये टाकली आणि खुर्ची ओढून बसली. मालक काहीतरी म्हणायला गेला. ती म्हणाली, “तू थांब. कृपया.”

त्याच संध्याकाळी तिने ढगातला आवाज बदलला. आता तो म्हणतो, “घाबरू नका. मी आत्या. फोन वाजतोय, मी उचलतेच.” दाबायचं काही नाही.

त्यानंतर साडेसहा वर्षं मी वाजलो आणि तिने उचललं. आता माझा पडदा पुसट झालाय, तीनचा आकडा झिजलाय, रिसीव्हरला पट्टी लावली आहे. मागच्या आठवड्यात एक विक्रेता आला. गुळगुळीत माणूस. म्हणाला, “हे नवीन बघा. स्वतः बोलतं, स्वतः समजून घेतं. फोन उचलायला माणूसच लागत नाही.”

आत्या चष्मा पुसत होती. पंच्याहत्तरीची झाली आहे ती. तिने मालकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. आता हा ‘बघू’ म्हणणार.

मालक उठला, माझ्याजवळ आला, आणि त्याने अकरावा निरोप लावला. विक्रेत्याने नऊपर्यंतचे आकडे ऐकले. मग आपली पिशवी उचलली.

“साहेब, बघा विचार करून,” तो दारातून म्हणाला.

“नाही,” मालक म्हणाला.

मित्रांनो, सात वर्षांत या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं ‘नाही’. माझा राग त्याने गेला असं समजू नका. माझ्यासारखे कितीतरी फोन आज टेबलाटेबलांवर भिंतीच्या प्लगला लटकलेले आहेत, आणि बॅटरीवर कुणाचे तरी मासे पोहत आहेत. आज घरी, दुकानात, ऑफिसात जाल तेव्हा आधी वाका. आमच्या वायरी कुठे जातात ते बघा. आणि फोनमध्ये कुणाला ‘थांबा’ म्हणायला लावण्याआधी, त्या थांबलेल्या माणसाकडे उठून कोण जाणार हे ठरवा.

‘बघू’ म्हणू नका. मी ऐकतोय.

हं, वाजलोच बघा मी. आत्याचा हात पुढे आलाय. आता तुम्ही जरा गप्प बसा, कुणीतरी अडकलंय.

“घाबरू नका,” ती म्हणतेय. “कितव्या मजल्यावर आहात?”