हरळी आणि माझे झिजलेले पाते

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. माझे पाते आता बोटभर उरले आहे आणि मूठ एका बाजूने फाटली आहे. फार बोलवत नाही, पण ऐकणार असाल तर सांगते.

लोहाराने मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले, तेव्हा मी वीतभर लांब, धारदार आणि जरा तोऱ्यातच होते. एका बाईंनी मला हातात तोलले आणि म्हणाल्या, "हे बसतंय हाताला." मला मिळालेले ते पहिले कौतुक.

बाईंच्या उताराच्या शेतात स्ट्रॉबेरीच्या दोन पट्ट्या होत्या, एक वरची आणि एक खालची. साधे गवत मला कधीच जड गेले नाही. पण एका वर्षी शेणखतातून हरळी आली. वर नाजूक पाती आणि खाली दोरीसारख्या चिवट मुळ्या! पेरभर तुकडा जमिनीत राहिला तरी त्याला पुन्हा कोंब फुटतो. त्या मुळ्या स्ट्रॉबेरीच्या मुळांत शिरल्या. पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा, तसे बाई मला हळूहळू चालवत. ओळ संपेपर्यंत मागे पुन्हा हिरवे टोक दिसायचेच. बाईंचे यजमान बांधावरून ओरडत, "अजून तिथेच? हात चालव की जरा!"  बाईंच्या हातात माझी मूठ घट्ट आवळली जाई.

असे किती हंगाम गेले कोण जाणे. एके दिवशी मी बाईंच्या हातून गळून पडले. त्यांचे मनगट सुजले होते.

"अहो, आता धरवत नाही हो."

"मग तणनाशक मारू सगळीकडे."

"झाडंही जळतील. दोन्ही एकमेकांत गुंतलंय."

"नांगरून टाकू मग!"

"म्हणजे मुळ्यांचे तुकडे रानभर पसरतील."

"मग करू तरी काय मी?"

"बसा खाली. घ्या ते खुरपं."

ते बसले. पहिल्याच हिसक्यात हरळीबरोबर स्ट्रॉबेरीचे झाड उपटून आले, हिरव्या फळांसकट. त्यांनी ते गुपचूप परत लावले. अर्ध्या ओळीत त्यांचा हात कमरेवर गेला.

"कंबर गेली गं माझी!"

"माझी कधीच गेली," बाई म्हणाल्या.

त्यांनी वळून खालच्या पट्टीकडे पाहिले. मग म्हणाले, "खालची पट्टी सोडून देऊ. काळं प्लास्टिक अंथरू तिच्यावर, उन्हावाचून हरळी मरेल. वरची आपण दोघं मिळून राखू."

खालची पट्टी फुलावर होती. बाईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिले आणि प्लास्टिकचे एक टोक स्वतः धरले.

वरची पट्टी वाचली. हरळी अजूनही कुठे कुठे डोके काढते. आता घरात दोन नवी खुरपी आहेत, आणि मी भिंतीच्या फटीत गंजत पडले आहे.

मित्रांनो, काम संपले की खुरप्याची माती पुसा आणि ते कोरडे ठेवा. एवढे आमच्यासाठी करा. आणि कुणी वाकून राबत असेल, तर दुरून घाई करू नका. आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा.