चूक एक

“काका, पान दिसतंय ना नीट? मग झालं की!” तुषारने फ्लॉपी रंभाजींच्या टेबलावर आपटली. “एक टॅग उघडा राहिला म्हनून काय आभाळ कोसळलं का?”

“तुझ्या मशीनवर दिसतंय. गिऱ्हाइकाच्या मशीनवर दिसेलच असं कुणी सांगितलं तुला? बस त्या स्टुलावर.”

“आवो, आमच्या सोनईशेजारी शिंगणापुरात घरांना दारंच न्हाईत. लोक झोपत्यातच की खुशाल. अन् तुमी मला दार लावायला शिकवताय व्हय?”

पलीकडच्या टेबलावरून भारती खळखळून हसली. रंभाजी हसले नाहीत, पण त्यांनी चहावाल्याला तीन बोटं दाखवली. तुषार कुरकुरत स्टुलावर बसला आणि पुढचा अर्धा तास दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. भांडणाच्या शेवटी टॅग बंद झाला. तो व्हायचाच, कारण रंभाजींच्या नियमावलीतला तो चौथा नियम होता.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. सावेडीत एका कापडदुकानाच्या माडीवर राधाकृष्ण सरांनी वेबसाइटी बनवण्याचं ऑफिस काढलं होतं. वेबसाइट म्हणजे दुकानाच्या पाटीसारखंच काहीतरी असावं असा गावातल्या पुष्कळांचा समज होता आणि सरांनी तो कधी खोडून काढला नाही. पानं लिहिणारे चौघे होते आणि चौघांच्या चार तऱ्हा होत्या. मग दिवाळीच्या तोंडावर नागापूरच्या एका पंपवाल्याच्या मशीनवर त्याचं पान कोरं करकरीत दिसलं. तुषार त्यात एका तक्त्याचा टॅग बंद करायला विसरला होता. सरांनी कपाळाला हात लावला आणि रंभाजींना हाक मारली.

रंभाजी सतरा वर्षं नागापूरला एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. मापाचं गेज लावायचं, बसलं तर माल पास, नाही तर लाल खडूची फुली. कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी पत्नी मनकर्णाबाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरातलं गप्पपण सोसेना, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विशीतल्या मुलांच्या मध्ये बसून कॉम्प्युटरचा क्लास केला. एखादा भजनाला जातो, हे क्लासला गेले एवढंच. तिथून ते सरांच्या ऑफिसात लागले.

त्यांनी एका लांबुडक्या वहीत तेवीस नियम लिहिले. टॅग, म्हणजे मशीनला मांडणी सांगणाऱ्या इंग्रजी खुणा, लहान अक्षरात लिहायचे. उघडलेला बंद करायचा. फाइलच्या नावात जागा सोडायची नाही. काम कुणाचंही असो, पंपवाल्याचं की शाळेचं, नियम तेच. आणि सगळ्यांत शेवटी, खाली दोन रेघा मारून: चुका शून्य झाल्याशिवाय पान बाहेर जाणार नाही. तेव्हापासून प्रत्येक जण फ्लॉपी घेऊन त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायला लागला. तोंड वाकडं करायचा, वाद घालायचा, जाता जाता आईच्या गुडघ्यांचं नाही तर बहिणीच्या लग्नाचं सांगायचा. रंभाजींना कारखान्यातलं आपलं टेबल परत मिळालं होतं. तिथेही नापास माल घेऊन माणसं अशीच भांडायला यायची.

एक दिवस सर म्हणाले, “काका, तुम्ही दोन दिवस तापाने पडलात तर काम ठप्प झालं. हे तेवीस नियम मशीनलाच शिकवता येणार नाहीत का?”

“येतील की,” रंभाजी म्हणाले. काम चांगलं होतं आणि चांगल्या कामाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोन महिने खपून त्यांनी पानं तपासणारा प्रोग्राम लिहिला. नियमांची एकच फाइल, ती मोठ्या मशीनवर ठेवलेली. कुणीही आपल्या टेबलावरून पान तपासावं. पहिल्याच दिवशी तुषारच्या पानात डोळ्याचं पातं लवायच्या आत सत्तेचाळीस चुका निघाल्या. सरांनी पेढे वाटले.

“लई भारी, काका!” तुषार म्हणाला. “आता तुमची कटकट संपली.”

ती खरंच संपली. सोमवारी स्टुलावर कुणी बसलं नाही. मंगळवारीही नाही. पडद्यावर चूक यायची, ज्याची तो दुरुस्त करायचा, शून्य आलं की पान बाहेर. तिसऱ्या आठवड्यात ते स्टूल कुणीतरी पाण्याच्या जारखाली नेऊन ठेवलं. रंभाजींनी ते पाहिलं. तक्रार कुणाची करणार? आपल्याच हातांनी त्यांनी स्वतःला एकटं पाडलं होतं, आणि तेही बिनचूक.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्यांनी नियमांची फाइल उघडली आणि चोविसावा नियम लिहिला. नियम साफ खोटा होता. त्याने चांगल्या पानालाही चूक दाखवली असती आणि कुणाला कारण कळलं नसतं. विचारायला यावंच लागलं असतं. लिहिलेली ओळ त्यांनी पुन्हा वाचली. सतरा वर्षांत एकदाही त्यांनी माप चुकवायला गेज घासलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. ओळ खोडून त्यांनी डबा उघडला, पण जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, भारतीने पाण्याचा जार खिडकीत ठेवला आणि स्टूल उचलून त्यांच्या शेजारी आणलं.

“काका, हे बघा ना. एक चूक दाखवतंय. मला काही कळंना झालंय.”

रंभाजींनी पान उघडलं. एका टॅगमधला इंग्रजी पी मोठ्या अक्षरात होता. नियम पहिला. भारती ऑफिसात सगळ्यांत नेटकी. तिच्या पानाला नापास शेरा मिळाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून चहावाल्याला दोन बोटं दाखवत होती.

“हे असं आहे बघ,” रंभाजी म्हणाले आणि पहिला नियम त्यांनी पहिल्यापासून समजावून सांगितला. तिने मन लावून ऐकला. मग सिद्धार्थनगरातल्या तिच्या घरच्या नळाला पाणी कसं पहाटे येतं आणि वडील कसे सगळ्यांना उठवतात, ते सांगितलं. पुढच्या गुरुवारी तिची पुन्हा एक चूक निघाली. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दर वेळी मोठा पी, आणि दर वेळी दोन चहा. रंभाजींना सगळं समजत होतं. ते बोलून दाखवलं तर संपेल, एवढंही समजत होतं. बुधवारी रात्रीच ते सदरा इस्त्री करून ठेवू लागले.

आठ महिने असे गेले. मग भारतीला पुण्यात नोकरी लागली.

“जाऊ का हो, काका?” तिने विचारलं.

“विचारतेस काय वेडे? जायलाच पाहिजे.” हे त्यांनी मनापासून सांगितलं. नंतर जिना उतरून ते उगाचच रस्त्याच्या पलीकडे जाऊन आले.

शेवटच्या दिवशी ती स्टुलावर बसली नाही, तिची बसची वेळ झाली होती. “पंपवाल्यांचं नवीन पान करून ठेवलंय,” दारातून ती म्हणाली. “तेवढं तपासून पाठवा. अन् जेवत जा वेळेवर.”

ती गेल्यावर त्यांनी पान तपासायला लावलं. पडद्यावर अक्षरं उमटली. चूक : एक. ओळ एकशे चाळीस.

पी मोठा होता.

रंभाजींचं बोट की-बोर्डाच्या बटणावर गेलं. एका अक्षराचं काम. वहीतल्या शेवटच्या नियमाखालच्या दोन रेघा त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांनी बोट मागे घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नापास माल कारखान्याबाहेर जाऊ दिला. गिऱ्हाइकाला काही कळणार नव्हतं. पान नीटच दिसत होतं.

महिन्याभराने सर त्यांच्या टेबलापाशी थांबले. “काका, पंपवाल्यांच्या पानात केव्हाची एक चूक दाखवतंय. राहून गेली वाटतं?”

“राहिली नाही, सर. ठेवलीय.”

“पण नियम तर तुमचाच ना?”

“माझाच,” रंभाजी म्हणाले.

सर पुढच्या टेबलाकडे गेले. वार गुरुवार होता. रंभाजींनी चहावाल्याला एक बोट दाखवलं, शेजारच्या स्टुलावरची धूळ हाताने पुसली आणि पान पुन्हा एकदा तपासायला लावलं.