विमानतळाशेजारचा दहावा

माझ्या सासऱ्याच्या दहाव्याला कावळा शिवंना, आन् सगळ्या गावानं त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. तुमाला म्हणून सांगते, कावळ्याचं माझ्याशी काय वैर न्हाई. कावळा हाकलला व्हता विमानतळानं. पण ऐकतंय कोण.

आमचं गाव निरगुडसरच्या पुढं, घोड नदीच्या काठाला. पुण्याच्या मोठ्या विमानतळावर बारक्या विमानांना जागा पुरंना, म्हणून आमच्या गायरानावर हे बारकं विमानतळ केलं. तिकीट काढून बसायचं विमान हितं येत न्हाई. कारखानदारांची येत्यात, मोठ्या डॉक्टरांची येत्यात, आन् विमान चालवायला शिकणारी पोरं सकाळपासनं गावाच्या डोक्यावर घिरट्या घालत्यात. गेटावर ही मोठी पाटी, 'सार्वजनिक विमानतळ'. एकदा माझी शेळी तारंच्या आत गेली म्हणून मी गेटावर गेले, तर तिथला वॉचमन मला म्हणतो, "मॅडम, कुणाकडं काम हाय?" आरं, ज्या गायरानात माझ्या सासूनं जन्मभर शेण येचलं, तिथं तू मला इचारतोस कुणाकडं काम म्हणून? आसला संताप आला मला. शेळी शेवटी दुसऱ्यानंच कुणीतरी आणून दिली.

ह्या तारंला लागूनच आमचं विहिरीचं रान. माझा नवरा गेल्यापासनं ते मीच करते. कांदा, बटाटा, मधनं मेथी. विमानवाल्यांना विमानं ठेवायला मोठमोठ्या शेडा बांधायच्यात, आन् त्यांना जागा पाहिजे ती नेमकी माझ्या विहिरीवर. माझा धाकटा दीर दादाभाऊ, त्यानं त्याच्या वाटणीचं कवाच देऊन टाकलं. त्याबदल्यात त्याला विमानतळावर पाखरं हाकायचं कंत्राट मिळालं. हसू नका, खरंच आसतं तसलं कंत्राट. विमानाच्या पंख्यात पाखरू गेलं तर विमान पडतं म्हणत्यात. पडत आसंल, मी कुठं न्हाई म्हणते. म्हणून तारंच्या कडंला गॅसची तोफ बसवलीय. आमच्या भावकीतला बहिरू दादाभाऊच्या हाताखाली हाय, त्यो विमान येताना जाताना बार काढतो. बार झाला की नदीपल्याडची पाखरंसुद्धा उठून जात्यात.

आता नांगरट म्हणलं की नांगरामागं बगळं येणारच. तर ह्यो दादाभाऊ मला म्हणाला, "वहिनी, नांगरायच्या आधी हापिसात सांगत जा." माझ्या रानात नांगर घालायला मी विमानवाल्यांची परवानगी काढू? मी त्याला त्याच्या बापासमोरच सांगितलं, "आधी बगळ्यांना सांगून ये, मग मला सांग." मामंजी लई हसले व्हते तवा.

मामंजी म्हंजे माझा सासरा, चांगदेव. माणूस भला, पण मुखदुर्बळ. रान दे आसं मला कधी म्हणले न्हाईत आन् देऊ नको आसंबी न्हाई. दादाभाऊ समोर बसला की मान हलवायचे, मी बसले की माझ्यासमोरबी मान हलवायचे. त्यांच्या ह्या मान हलवण्यानंच सगळा घोळ झाला. ते गेले आन् दादाभाऊचं तोंड सुटलं. "बाबांची लई इच्छा व्हती वं, रान दिऊन टाकायची." ही इच्छा त्यांनी कुणाच्या कानात सांगितली, त्याचं नाव मात्र त्याला सांगता येईना. माझ्या सहीबिगर ते रान इकता येत न्हाई, एवढंच त्याचं दुखणं.

दहाव्याला घाटावर ही गर्दी. पाहुणं आले, पुढारी आले, महाराजांचं प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आमच्याकडं मेलेल्या माणसाला निवांतपणा न्हाई, दहाव्यापर्यंत त्यानं भाषणं ऐकायचीच. सोसायटीचे चेअरमन भगवंतराव माईक धरून बसले व्हते, त्यो काय सोडंनात. इकडं घाटाच्या कडंला केळीच्या पानावर पिंड ठेवला. शेजारी मामंजींना आवडायचं ते सगळं मांडलं, मेथीची भाजी, जिलबी, चहाचा कप, तंबाखूची चंची. आन् लोकं मागं सरून वाट बघत बसली.

कावळं व्हते की. पिंपळावर चार-दोन बसले व्हते. एक उतरून खाली आला, मान तिरकी केली, पानाकडं टुणकन उडी मारली, आन् तेवढ्यात धाडकन बार झाला. सगळे कावळं नदीपल्याड. शिकणाऱ्या पोराचं विमान आमच्या डोक्यावरनं घुंग करत गेलं. मग परत कावळं आले, परत दुसरं विमान, परत बार. हे आसं चाललेलं सगळी लोकं बघत व्हती, कानांनी ऐकत व्हती. लहान पोरगं बी सांगंल काय झालं ते. पण दहाव्याला बसलेल्या माणसाचं डोकं त्या दिशेनं जातच न्हाई. कावळा शिवंना म्हंजे मेलेल्याची इच्छा अडकली, दुसरं कारण आसूच शकत न्हाई.

मग एकेक जण पानापुढं जाऊन हात जोडाया लागला. "चांगदेवबाबा, नातीचं लगीन आमी थाटात करू." बार. "बाबा, देवळाचं पत्रं आमी बदलू." बार. मामंजींची बहीण गेली, म्हणाली, "भाऊ, मी तुझ्यावर रुसले न्हाई रं, ये आता." तिचा आवाज रडवेला झाला व्हता. तरीबी बार झालाच.

शेवटी दादाभाऊ उठला. धोतर सावरत, डोकं ताजं भादरलेलं, पानापुढं गुडघ्यावर बसला आन् सगळ्या घाटाला ऐकू जाईल आसा म्हणाला, "बाबा, तुमचा जीव विहिरीच्या रानात अडकलाय, ठाऊक हाय मला. वहिनी देतील. मी त्यांना समजावतो. तुमी निवांत जा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. ज्याच्या पगारी माणसानं त्याच्या बापाचा कावळा उडवलाय, त्यो बापाच्या पिंडासमोर बसून माझं रान मागतोय. ह्याला काय म्हणायचं ते मी हितं बोलत न्हाई.

भगवंतराव माईकातनंच म्हणाले, "वैजयंतीताई, म्हातारा उन्हाचा ताटकळलाय. दोन शब्द बोला."

"बोलते की," मी म्हणलं. मी माझा फोन काढला, बहिरूला लावला, आन् आवाज मोठा केला. "बहिरू, तोफ बंद कर. हितं मामंजींचा दहावा चाललाय."

"काकी, ठाऊक हाय मला," बहिरू म्हणाला. बिचाऱ्याचा आवाज पडला व्हता. "पण मोठं विमान यायचंय मुंबईवरनं. दादाभाऊ बोलले तर बंद करतो."

मी फोन दादाभाऊच्या तोंडापुढं धरला. "बोला भाऊजी. बापासाठी घटकाभर बंद कर म्हणा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. मग म्हणाला, "बहिरू, चालू ठेव. काय कमीजास्त झालं तर कंत्राट जाईल आपलं."

मला वाटलं, आता तरी लोकांना कळंल. आता तरी कुणीतरी ह्याला दोन शब्द सुनावंल. तर भगवंतराव म्हणत्यात, "बरोबर हाय त्यांचं, विमानाचा मामला हाय, माणसं आसत्यात आत." मागनं कुणीतरी बोललं, "तोफंचं काय घिऊन बसलीय ही बाई, इच्छा आसली तर कावळा तोफंलाबी जुमानत न्हाई." माझ्या शेजारी बसलेली, रोज माझ्या विहिरीवर धुणं धुणारी, तीबी म्हणाली, "देते म्हण ना बाई, नुसतं म्हणायला काय जातंय?" नुसतं. सगळ्या गावासमोर, पिंडाच्या साक्षीनं नुसतं म्हणायचं, आन् उद्या सही न्हाई केली की ह्याच लोकांनी माझ्या दारावर थुंकायचं.

ते सगळं मी झेललं आसतं. पण सासू उठली. आत्याबाईंना माझ्याशिवाय कुणी न्हाई, त्यांची येणीफणीसुद्धा मीच करते. त्या हळूहळू चालत माझ्यापाशी आल्या आन् माझ्यापुढं पदर पसरला.

"वैजू," त्या म्हणाल्या, "मला रानातलं काय कळत न्हाई गं. पण त्यांना उपाशी ठिवू नको. आयुष्यात मी त्यांना कधी उपाशी ठिवलं न्हाई."

एकदा वाटलं, जाऊ दे, देते म्हणावं आन् सुटावं. त्या रानात माझा नवरा औतामागं चालायचा. त्यो गेल्यावर विहीर आटली, तवा मी आन् मामंजींनी मिळून तिचा गाळ काढला, मी खाली आन् ते वर दोर धरून. माझ्या पोरीचं अवसरीच्या कॉलेजातलं शिक्षण त्याच रानातनं चाललंय. ते सगळं एका कावळ्याच्या चोचीसाठी द्यायचं, आन् तेबी बहिरूनं उडवलेल्या कावळ्याच्या. मग मात्र माझं डोकं फिरलं.

मी आत्याबाईंचा पदर माझ्या हातानं परत त्यांच्या खांद्यावर टाकला, त्यांना खाली बसवलं, आन् भगवंतरावांच्या हातातनं माईक घेतला. घाटावर बाईनं माईक घ्यायची आमच्याकडं पद्धत न्हाई. मी घेतला.

"मामंजी," मी म्हणलं, "ऐकत आसाल तर ऐका. विहिरीचं रान मी देणार न्हाई. दादाभाऊला न्हाई, विमानवाल्यांना न्हाई, कुणालाच न्हाई. तुमी जित्तेपणी मला कधी मागितलं न्हाई. आता मेल्यावर कावळ्याच्या तोंडून मागणार आसाल, तर तसंच उपाशी बसा."

घाटावर कालवा उठला. बायकांनी तोंडाला पदर लावला. दादाभाऊ माझ्या अंगावर धावून आला, "वहिनी, लाज वाटती का, बापाला उपाशी बस म्हणताय," आसं काहीतरी वरडत व्हता. पण त्याचं पुढचं कुणाला ऐकूच आलं न्हाई, कारण मुंबईचं त्ये मोठं विमान आमच्या डोक्यावरनं इतकं खालनं गेलं की मंडप हालला. शेवटचा बार झाला. विमान तारंपल्याड उतरलं, आन् एकदम शांत झालं.

ही वेळ मला ठाऊक हाय, मी रोज तिथंच रानात आसते. दुपारचं ऊन तापलं की शिकणारी पोरं खाली उतरत्यात आन् बहिरू डबा खायला बसतो. तसाच तवाबी बसला आसणार. त्याला भूक लागली व्हती, एवढंच.

पिंपळावर कावळं आले. एक खाली उतरला. दोन उड्या मारून पानापाशी आला, जिलबी सोडून सरळ पिंडात चोच घातली. त्याच्या मागनं दुसरा आला, तिसरा आला.

आन् मग मी जे बघितलं ते आयुष्यात इसरणार न्हाई. घटकाभरापूर्वी मला खाऊ का गिळू करणारी लोकं हात जोडून उभी व्हती. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बघा, तिनं न्हाई देणार म्हणलं आन् लगेच शिवला." दुसरा म्हणाला, "म्हंजे बाबांच्या मनात तेच व्हतं, रान द्यायचं न्हाई." आत्याबाई माझा हात धरून रडाया लागल्या. "माझ्या मेलीच्या कसं ध्यानात आलं न्हाई गं," म्हणाल्या. भगवंतरावांनी माईक परत घेतला आन् जाहीर केलं की चांगदेवबाबांनी स्वतः निकाल दिला, विहिरीचं रान वैजयंतीताईंचंच, आता ह्यात कुणी बोलायचं कारण न्हाई. दादाभाऊ खाली मान घालून उभा ऱ्हायला. त्यानंच लोकांना सांगितलं व्हतं की बापाचा जीव त्या रानात अडकलाय. आता कुठल्या तोंडानं म्हणंल की कावळा तोफ थांबली म्हणून आला?

म्हणायला मी तरी कुठं म्हणू शकले. माझ्या जिभंवर आलं व्हतं, आरं येड्यांनो, बहिरू जेवायला बसलाय म्हणून आला कावळा. पण तसं बोलले आसते तर रान परत वाऱ्यावर पडलं आसतं. गप्प बसले. दात ओठ खाऊन गप्प बसले, आन् येणारा जाणारा मला नमस्कार करून गेला.

रान ऱ्हायलं. दादाभाऊ आता त्याचं नाव काढत न्हाई. लोकं मला म्हणत्यात, "वैजयंती, तुझ्या पाठीशी म्हातारा उभा ऱ्हायला." मी मान हलवते, मामंजी हलवायचे तशीच. पण आतनं जळते. जितकी वर्षं मी त्या रानात राबले, तितकी वर्षं मी सांगत आले की हे माझं हाय. माझ्या तोंडून ते कुणाला पटलं न्हाई. कावळ्यानं शितात चोच घातली, आन् सगळ्यांना पटलं.