सिस्टरबाईंची मोटर

पाळकसाहेबांनी त्या रविवारी उपदेशात एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितली. तुमच्या शेजारचा माणूस चर्चमध्ये येणार नाही, शास्त्र उघडून बघणार नाही. त्याला ख्रिस्त दिसायचाच असेल तर तुमच्या रोजच्या वागण्यात दिसेल. हे बोलताना ते सारखे तबीथाबाईंकडं बघत होते. निदान तबीथाबाईंना तरी तसं वाटलं.

"पाळकसाहेब माझ्याकडंच बघून बोलत होते," घरी येताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या.

"तू बसतीस तिथं डोक्यावर भिंतीचं घड्याळ हाय, त्ये बघत व्हते," शांतवनराव म्हणाले. तबीथाबाईंचे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेले. एवढंच बोलून त्यांनी गिअर बदलला.

पण तबीथाबाईंनी मनावर घेतलं ते घेतलंच. नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून स्टाफ नर्स म्हणून रिटायर होऊन त्या लातूरला, नवऱ्याच्या घरी कायमच्या राहायला आल्या होत्या. गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचं. लहानथोर सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. जन्मभर नाही-नाही म्हणणाऱ्या माणसाला औषध पाजायची सवय लागलेली. चांगुलपणाही त्यांनी गल्लीला तसाच पाजायला घेतला.

सुरुवात झाडण्यापासून झाली. शेजारच्या धोंडाबाई मूळच्या देवणीकडच्या, घरी शेतीवाडी असलेल्या. नातवंडांच्या शाळेसाठी त्या लेकासुनेबरोबर गल्लीच्या टोकाच्या घरात राहायला आल्या होत्या. तबीथाबाई पहाटे उठून स्वतःचं दार झाडायच्या आणि तोच खराटा धोंडाबाईंच्या दारापर्यंत न्यायच्या. दोन-चार दिवस धोंडाबाई खिडकीतून बघत राहिल्या. मग पंचमीचा सण आला. सुनेनं आदल्या रात्री जागून दारात रांगोळीचा मोठा नाग काढला होता, रंग भरून. पहाटेच्या अंधारात सिस्टरबाईंनी तो प्रेमानं झाडून कचऱ्याच्या बादलीत भरला.

"सिस्टरबाई," धोंडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमचं अंगण तुमाला लई घाण वाटून ऱ्हायलं का?"

"नाही हो, सेवा म्हणून—"

"आमी काय आजारी हाव का सेवा कराया?"

चंद्रप्पाच्या किराणा दुकानातही तेच. तबीथाबाई काउंटरपुढं उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला "तुम्ही घ्या आधी, तुम्ही घ्या" म्हणायच्या आणि त्याला कसं वाटतंय म्हणून त्याच्या तोंडाकडं बघायच्या. शेवटी चंद्रप्पा वैतागला. "तुमी एक तर सामान घ्या न्हाई तर बाजूला व्हा, सिस्टरबाई. रस्ता सोडणारं माणूसच रस्त्यात हुबं ऱ्हायल्यावर गिऱ्हाईकानं यावं कुठून?"

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा शांतवनरावांना चहाचा ठसका लागला. तबीथाबाईंना वाटलं, छळ सोसावाच लागतो. नंतर हे आठवलं की त्यांचे कान तापत. छळ! तोही चंद्रप्पाच्या दुकानात, गूळ आणि काडेपेटी घ्यायला गेल्यावर!

मग आली मोटर. गल्लीला आठवड्यातून एकदा नळ यायचा, आणि नळाची तोटी उघडून वाट बघत बसणारं घर त्या गल्लीत नव्हतं. जो तो नळाला मोटर जोडायचा आणि पाणी ओढून हौद भरायचा. परवानगी नव्हती, पण ती कुणालाच नव्हती, म्हणून सगळ्यांनाच होती. टोकाला असलेल्या धोंडाबाईंची मोटर मात्र उन्हाळ्यातच जळाली होती. अलीकडचे सगळे, म्हणजे तबीथाबाईसुद्धा, ओढून थांबले की उरलंसुरलं त्यांच्या नळाला यायचं.

तबीथाबाईंनी मोटर काढली. पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. इथवर सगळं ठीक होतं. पण ही गोष्ट त्यांनी चंद्रप्पाच्या दुकानात सांगितली, दूधवाल्याला सांगितली, चर्चच्या महिला मंडळात उभं राहून, प्रभूनं आपल्याला कसं बदललं याची साक्ष म्हणून सांगितली, आणि सांगताना आवाज अगदी नम्र राहील याची काळजीही घेतली. पाळकसाहेब खूश झाले. "पुढच्या शनिवारची घरगुती प्रार्थना तुमच्याकडंच घेऊ," ते म्हणाले. "शेजाऱ्यांनाही बोलवा. त्यांनी तुमचं जीवन बघितलंच आहे."

तबीथाबाईंनी धोंडाबाईंना मुद्दाम दारात जाऊन आमंत्रण दिलं.

शनिवारी हौदाचा तळ दिसत होता. पंचवीस-तीस माणसांचा पुलाव, चहा, प्यायचं पाणी, भांडी. टँकरवाला फोन उचलेना. दुपारी नळ आला तो सुतासारखा. बादली भरेपर्यंत त्यांचा तांदूळ निवडून झाला. तबीथाबाई त्या धारेकडं बघत उभ्या राहिल्या. मनात म्हणाल्या, अर्धाच तास. तोही स्वतःसाठी नाही, प्रभूच्या कामासाठी.

"अहो, ती मोटर जरा काढता का माळ्यावरून?"

"मी न्हाई," शांतवनराव म्हणाले. "साक्ष तू दिलीस. तूच काढ."

स्टुलावर चढून त्यांनी मोटर काढली. हयातभर सलाईन जोडलेल्या हातांनी पाइप जोडायला कितीसा वेळ लागतो! पण बरेच दिवस पडून राहिलेली मोटर बटण दाबताच अशी केकाटली की सगळ्या गल्लीला कळावं. तबीथाबाई धावत आत गेल्या, फोन स्पीकरला जोडला आणि मोठ्या आवाजात भक्तिगीत लावलं. कोरस सुरू झाला तशी मोटर ऐकू येईनाशी झाली.

थोड्या वेळानं दारात धोंडाबाई. हातात रिकामी घागर.

"सिस्टरबाई, तुमच्या नळाला पाणी हाय का? आमचा बारीक का व्हईना, चालला व्हता, येकायेकी बंदच पडला. कुनी तर मोटर लावली बघा. बाकीच्यायला इचारून काय फायदा? सगळे खोटं बोलत्यात. तुमी लावत न्हाईत, म्हनून म्हनलं तुमालाच इचारावं."

तबीथाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. आमच्याकडंही थेंब नाही."

तेवढ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. फोन वाजायला लागला तसं गाणं बंद पडलं. घाबरून तबीथाबाईंनी फोन कट केला, पण गाणं काही परत सुरू झालं नाही. घरात मोटर तेवढी केकाटत राहिली, आणि हौदात पडणाऱ्या पाण्याचा भडभड आवाज.

धोंडाबाईंनी जरा कान देऊन ऐकलं. तबीथाबाईंकडं बघितलं. "असं व्हय," म्हणाल्या आणि घागर घेऊन निघून गेल्या.

शांतवनरावांनी मुकाट्यानं उठून मोटर बंद केली. तबीथाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मोटरचं एवढं काही नव्हतं. मोटर सगळेच लावत होते. पण गल्लीत एकाच माणसाचा एका माणसावर इतबार बसला होता, आणि तो त्यांनी दारात उभं राहून, तोंडावर, एका वाक्यात घालवला होता.

त्यांनी दोन कळश्या भरल्या आणि निघाल्या. उंबऱ्याबाहेर पाय पडताच लक्षात आलं, समोरच्या घरातून बघताहेत. शेजारणीला पाणी नेऊन देणारी सिस्टरबाई किती चांगली दिसत असेल! हे मनात आल्याची त्यांना इतकी चीड आली की परत फिरावंसं वाटलं. पण पाणी ते पाणी. त्या गेल्या.

"धोंडाबाई, मी खोटं बोलले. मोटर मीच लावली होती."

"ते ऐकलं म्या," धोंडाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचं तोंड सुटलं. "दुपारधरून भांडे मांडून बसलाव आमी! नातवंडायच्या आंगोळ्या ऱ्हायल्या. दुसऱ्या कुनी लावली असती तर म्या काई म्हनलं नसतं. तुमी साऱ्या गल्लीला सांगत फिरलाव, सिस्टरबाई! काहून सांगत फिरलाव मग?"

तबीथाबाई कळश्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. धोंडाबाईंनी मनसोक्त बोलून घेतलं. दम घेताना त्यांना काहीतरी आठवलं.

"आन् ते देवाचं गानं कामून लावलं व्हतं येवढ्या मोठ्यानं?"

"मोटरचा आवाज येऊ नये म्हणून."

धोंडाबाई बघतच राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी पदर तोंडावर धरला, पण हसू पदरात मावेना; त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि गदागदा हसल्या. "देवालाच कामाला लावलं की वो बाई!" तबीथाबाईंना आधी रडू येत होतं. मग त्यांनाही हसू फुटलं आणि कळशीतलं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

"ठिवा ते खाली," डोळे पुसत धोंडाबाई म्हणाल्या. "खरं सांगू का, तुमची लई धास्ती घेतली व्हती आमी. सून मला म्हनायची, हळू भांडा, सिस्टरबाई ऐकत्यात. मपल्या घरात भांडायची चोरी झाली व्हती."

संध्याकाळी धोंडाबाई आल्या. दाराजवळ बसल्या, सुनेला घेऊन. गीत झालं, वचन झालं, आणि पाळकसाहेब म्हणाले, "आता तबीथाबाई मोटरची साक्ष देतील."

तबीथाबाई उठल्या. त्यांनी सगळं सांगितलं: माळा, स्टूल, मोटर, गाणं, थेंब नाही म्हणाल्या ते. नम्र आवाज काढायचा राहूनच गेला. मग मागून एक बाई खोकल्या, आणि पाठोपाठ बरेच जण आपापल्या पायांकडं बघायला लागले. तबीथाबाईंना कळलं की इथं बसलेल्यांच्याही निम्म्या घरांत नळाला मोटर आहे. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली आणि ती बरीच लांबवली. दाराजवळ मात्र धोंडाबाई सुनेच्या कानात काहीतरी सांगत होत्या आणि सून ओठ दाबून हसत होती.

पुलाव कमी पडला. चहा पुरला.

त्यानंतर दोघींचं ठरलं. मोटर राहील, पण धोंडाबाईंचं पाणी भरून होईपर्यंत बटण दाबायचं नाही. झालं की धोंडाबाई भिंतीवरून हाक मारतील. पुढच्या खेपेला नळ आला तशा तबीथाबाई बटणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. धोंडाबाईंच्या घागरी भरल्या, पिंप भरलं. हाक येईना. तबीथाबाईंनी स्टूल ओढून भिंतीवरून डोकावलं, तर धोंडाबाई नळाखाली निवांत गोधड्या तुडवत होत्या. एक झाली की दुसरी घेत होत्या.

तबीथाबाईंनी ओठ दाबले. डोळे मिटले. धीर दे म्हणून प्रार्थना करायला घेतली, आणि ती अर्ध्यावर असतानाच त्यांच्या तोंडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज निघाला:

"अहो धोंडाबाई! गोधड्या काय आजच धुवायच्या होत्या?"

"सिस्टरबाई!" पलीकडून तेवढ्याच मोठ्यानं उत्तर आलं. "अजून दोन हायेत!"