नवं तेल

"ज्यानं बापाचे पाय कधी चेपले नाहीत, तो त्याच्या गाडीचे चेपतोय बघ."

पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढत आई म्हणाली. थोरला ऐकू आलं नसल्यासारखा टायर पुसत राहिला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. बाप होता तेव्हा गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि आज फडकं हातातून सुटत नव्हतं. काचा पुसून झाल्या, दिवे पुसून झाले. आईला पुसण्याचा राग नव्हता. पुसताना तो कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता, ते तिला खुपत होतं.

धाकटी बसने आली होती. पर्स पोटाशी धरून ती फाटकापाशीच उभी होती. आईच्या बोलण्यावर एरवी ती हसली असती.

आज दुपारी वकिलाकडे सह्या व्हायच्या होत्या. घर थोरल्याला, गाडी धाकटीला. धाकटीने घरावरचा हक्क सोडायचा आणि बापाची गाडी घेऊन जायची. ही वाटणी आईनेच केली होती, सगळ्या नातेवाइकांसमोर, कोणाला न विचारता. धाकटीचा नवरा इमारतीच्या परांचीवरून पडल्यापासून अंथरुणाला खिळला होता. गाडी हाताशी असली तर ती इस्पितळाची, स्टेशनची भाडी मारील, घर चालवील. गाडी म्हातारी होती, सगळं गाव मिळून पळेल तेवढी पळालेली होती, पण चालत होती. आईचा शब्द म्हणजे पडला तिथे रुतला, अशी तिची ख्याती होती आणि ती तिने जपलेली होती.

"ये, तेल बघून घे," थोरला बहिणीला म्हणाला. गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी त्याने ओढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. "रंग बघ. माणकासारखा."

फडक्यावर लालचुटूक ठिपका उमटला. धाकटी वाकली, तिने पाहिलं आणि पट्टी परत घातली.

"छान आहे."

आईचा हात चपलेवरच थांबला. या पोरीला तिच्या बापाने तेल बघायला शिकवलं होतं. आधी नाकाशी न्यायचं, मग चिमटीत चोळायचं, रंग सगळ्यात शेवटी. लहानपणी ती शाळेत जाताना बोटं धुवायला विसरायची आणि बाई तिला वर्गाबाहेर उभी करायच्या. आज तिने बोट लावलं नाही.

"इंजिन बंद ठेवून कसलं तेल बघता?" आई म्हणाली. "तुमचा बाप गाडी तापल्यावर बघायचा. इंजिन चालू ठेवून."

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"चालवता येत नाही मला. पण शेजारी बसून जन्म गेला." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "चला. आधी टेकडीच्या रस्त्यानं मिस्त्रीकडे. मग वकील."

"वकील इथं कोपऱ्यावर आहे. उगाच गाडी कशाला तापवायची?"

"गाडी आहे का दूध? तापली तर उतू जाईल?"

थोरला मागच्या सीटवर बसला. चालवायला धाकटी, तिच्या शेजारी आई, आपल्या नेहमीच्या जागी.

सपाट रस्त्यावर गाडी गुणी बाळासारखी चालली. छापखाना गेला, शाळेची भिंत गेली, बसथांब्यावरची माणसं गेली. या गाडीचे गिअर तिचे तीच बदलायची. आईला ते पहिल्यापासून आवडायचं. नवरा म्हणायचा, ही तुझ्यासारखीच आहे, हिला काही सांगावं लागत नाही. चढ लागला तशी आई रस्त्याकडे बघायची थांबली आणि लेकीच्या पायाकडे बघू लागली.

पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेला होता. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि गिअर बदलायच्या जरा आधी पाय अलगद उचलला गेला. गाडी पुढच्या गिअरात सरकली. पाय पुन्हा टेकला. पुढच्या वळणावर तेच, त्याच्या पुढच्या वळणावरही तेच. घरातली कुठली पायरी मोडकी आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो अंधारातसुद्धा तिच्यावर भार देत नाही. परक्याचा मात्र पाय पडतोच.

"पाय उचलू नकोस," आई म्हणाली.

"काय?"

"दर वेळी उचलतेस. ठेव दाबून."

धाकटीने आरशात पाहिलं. आरशात तिचा भाऊ होता. मग तिने पाय दाबून धरला.

इंजिन ओरडलं. ओरडतच राहिलं, आणि गाडी जागची हलेना. मागे सिमेंटचा ट्रक चढत होता, त्याने भोंगा दाबला. गाडी इंचभर मागे आल्यासारखी वाटली. मग खालून दणका बसला, आईचं डोकं सीटवर आदळलं आणि गाडी पुढे झेपावली. आत जळका वास पसरला.

"चढ आहे ना, म्हणून," मागून थोरला म्हणाला.

धाकटीने काच खाली केली.

मिस्त्री गॅरेजच्या दारातच होता. बापाचा जुना दोस्त, एरवी आईला बघून चार चेष्टा करणारा. आज त्याची नजर आधी गाडीकडे गेली आणि तिथून थोरल्याकडे. आईने ती जाताना पाहिली.

"बसा, वहिनी."

"बसवू नका. बघा आणि सांगा."

त्याने चाकांना लाकडी ठोकळे लावले. आत बसून ब्रेक गच्च दाबला, गाडी गिअरात टाकली आणि इंजिन वाढवलं. जखडलेल्या गाडीत इंजिनाला धाप लागायला हवी. इथे ते मोकाट सुटलं, जसं काही त्याला कोणी जुंपलेलंच नव्हतं. मिस्त्रीने लगेच पाय काढला. इंजिन चालू ठेवून पट्टी ओढली, वास घेतला आणि आईपुढे धरली. तेल अजून लालच होतं, फक्त करपल्याचा वास मारत होतं.

"आतल्या प्लेटी गेल्यात. इंजिनाचा जोर धरतच नाहीत."

"महिन्याभरापूर्वी तर धरत होत्या."

"धरत होत्या. जुनं तेल काळं होतं, वहिनी. प्लेटींची झीज त्याच तेलात उतरलेली. त्या गाळाच्याच जोरावर गाडी कशीबशी चालली होती. नवं तेल घातलं, सगळं धुऊन निघालं आणि पकडही त्याबरोबर गेली."

"नवं घाला, असं कोण म्हणालं?"

मिस्त्री पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

"मी नको म्हणालो होतो. एवढ्या चाललेल्या गाडीचं तेल एकदम बदलू नये. एक तर गिअरबॉक्स उतरवून पुरतं काम करा, नाहीतर आहे तसं राहू द्या. पण थोरले म्हणाले, काळं दिसलं तर बहीण गाडी घ्यायची नाही."

"आणि तुम्ही घातलंत."

"घातलं, वहिनी."

"नवं तेल घालणं हा काय गुन्हा झाला?" थोरला म्हणाला. "तिच्या चांगल्यासाठीच केलं ना. बिघडेल हे मला काय माहीत?"

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. धाकटीचं कोपर धरून तिने तिला जुन्या टायरच्या ढिगामागे नेलं.

"वास का घेतला नाहीस?"

"घेऊन काय करणार होते?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"त्यानं मागे एकदा चालवून बघायला दिली होती. तेव्हाच कळलं."

"आणि तरी सही करायला निघालीस? त्या अंथरुणावरच्या माणसाला काय खायला घालणार होतीस, टायर?"

धाकटी टायरच्या कडेचं रबर नखाने सोलत राहिली.

"दादा म्हणाला, सही नाही केलीस तर घर विकायचं, तीन वाटे करायचे. आईच्या वाट्यात कुठं धड खोलीही यायची नाही. मग ने तिला तुझ्याकडे. माझ्याकडे एक खोली, आई. एका भिंतीला हे, दुसरीला चूल. तुला कुठं ठेवू?"

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं? सगळ्या जगाला तूच सांगत आलीस ना, या घरातून मी आडवीच निघणार म्हणून."

आईने चष्मा काढला आणि पुसला. बोटांना कुठेतरी तेल लागलं होतं, ते काचेवर फराटलं. तिने तसाच चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हे वाक्य ती किती तोऱ्यात म्हणत आली होती. लग्नाच्या पंगतीत, बाजारात, नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांसमोरसुद्धा. एका पोराने ते ऐकून त्याचा भाव केला होता आणि दुसरीने तो मुकाट मोजायला घेतला होता.

ती लेकीला घेऊन ढिगामागून बाहेर आली. थोरला गाडीला टेकून फोनवर बोलत होता. तिला बघून त्याने फोन बाजूला धरला.

"आई, वकील विचारतोय. पाच मिनिटांत येतो म्हणून सांगू ना?"

तेलाच्या फराट्यातून ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मिस्त्रीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सांग त्याला, सह्या होत नाहीत, घर विकायचंय. तीन वाटे कर, आणि त्यातला माझा हिच्या वाट्यात घाल. आडवी निघेन म्हणत होते, आता उभीच निघते. ही गाडी तुझ्याकडं ठेव. तेल तू बदललंस, आता तूच बस तिच्यात."