नाच-ठेसनची मशीन

मी मशीन बोलतेय. शिवणाची नव्हे, पिठाचीही नव्हे, लाउडस्पीकरची. शिकलेली माणसं मला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, पण आमच्या गावात एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुणाला? येरमाळ्याहून तीन कोसांवर आमचं गाव. आजवरचं माझं सगळं आयुष्य दुसऱ्याचा आवाज मोठा करण्यात गेलं. स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलतेय, तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

मला रसूलभाईनं बनवलं. तो गावोगावचे रेडिओ दुरुस्त करायचा. सोलापूरच्या जुन्या बाजारातून त्यानं एकेक भाग पिशवीत घालून आणला आणि आपल्या ओसरीवर बसून पत्र्याच्या पेटीत बसवला. माझ्या पोटात काचेचे चार दिवे आहेत, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ते तापले की मगच माझ्या तोंडून शब्द फुटतो. अर्धं मिनिट तरी जातं. माणसांचंही असंच असतं तर गावातली निम्मी भांडणं झालीच नसती, असं मला कधीकधी वाटतं.

एकाहत्तर साली मी तयार झाले ती वरातीत वाजायला. आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. लग्नं लांबली, माझ्यावर धूळ बसली. मग सरकारनं तलावाचं काम काढलं. तिथं हजारभर माणूस खडी फोडायचं, माती वाहायचं. सरकारी खाऊची सुकडी आली की पुकारायला कुणीतरी हवं म्हणून रसूलभाई मला घेऊन गेला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायला त्यानं मला तिथंच शिकवलं.

एका दुपारच्या सुट्टीत त्यानं सहज लेझमीची तबकडी लावली. हात सोललेल्या, ओठ फुटलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. अशा दिवसांत नाचायचं? मग भीमनगरातली मालनबाई उठली. पदर खोचला, शेजारणीचे हात धरले आणि फुगडी घातली. बघता बघता तीस-चाळीस बाया उठल्या. मुकादमानं शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही. तोही बघतच राहिला.

त्या दिवसापासून लोक मला 'नाच-ठेसन' म्हणायला लागले.

दुष्काळ सरला आणि गावात दूध सोसायटी निघाली. सोसायटीला पेंड आली, डॉक्टर आला हे पुकारायला मी हवी होते. तिनं आम्हांला एक खोली दिली, वीज दिली. बदल्यात रोज संध्याकाळी सहा ते सात नाचाची गाणी. चार खांबांवर चार कर्णे बसले. वेशीत, बाजारात, एस.टी. थांब्यावर आणि भीमनगरात. भीमनगराच्या वेळी काही जण म्हणाले, "तिकडं कशाला?" रसूलभाई खांबावर चढला आणि कर्णा बांधून खाली आला.

असाच एकदा तार ओढताना तो खांबावरून पडला आणि पायानं कायमचा अधू झाला. मग माझ्यापुढं येऊन बसली त्याची बायको, कुलसुमबी. पहिल्या दिवशी माइकजवळ तोंड नेताना तिनं पदर पुढं ओढून घेतला. चेहरा गावानं नीट पाहिला नव्हता, पण आवाज महिन्याभरात घरोघरी ओळखीचा झाला. लोक चिठ्ठ्या धाडायचे. 'पोरीचं लग्न ठरलं, बँडचं वाजवा.' 'माझा दादला रुसलाय, काहीतरी लावा.' कुलसुमबी एकही चिठ्ठी फेकायची नाही.

पण दिवस फिरले. घरोघरी टेप आले. ज्याला जे हवं ते तो आपल्या घरात लावून बसू लागला. रोजच्या तीस चिठ्ठ्यांच्या दोन-तीन झाल्या. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तर पुन्हा पाण्यानं छळ मांडला. गावात एकच विहीर जिवंत उरली होती, सोसायटीची. तिचं पाणी हौदात सोडायचं आणि दुपारनंतर वाटायचं. त्यात दूध नासायला लागलं, म्हणून सोसायटीला गारव्याचं यंत्र आणायचं होतं, आणि त्याला लागणारी विजेची लाइन सोसायटीच्या खोल्यांत फक्त आमच्याच खोलीत होती.

चेअरमन माणिकप्पा वाईट माणूस नव्हता. त्यानं स्पष्टच सांगितलं होतं, "भाभी, रविवारच्या सभेत तुमच्या ठेसनाचा काय तो निकाल लागंल. दूध वाचवायचं का गाणं, हे लोकच सांगतील."

त्याच्या आधीच्या शुक्रवारची गोष्ट. सहाला अर्धा तास होता. पिराजी धावत आला. मालनबाईचा हा मुलगा सोसायटीत दुधाचे कॅन उचलायचा. धापेनं त्याला धड बोलताही येत नव्हतं.

"भाभी, हिरीत बेडकं पालथी पडल्यात. समदी. हिरीवरच्या मोटारीच्या खोलीतली फळी मोडलीया. फवारणीच्या औषधाचा डबा खाली गेलाय."

"या अल्ला! कवा?"

"कुनाला ठावं? हौद तर दुपारीच भरलाय. लोकांनी घागरी नेल्यात. म्या हौदाजवळ जाऊन हुबा ऱ्हातो, कुनाला भरू देत न्हाय. पर नेलेल्यांचं काय?"

तो गेला आणि पाठोपाठ माणिकप्पा आत आला. दार लोटून घेतलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"भाभी, तुमच्या कानावर आलंच असंल. आज नुसती गाणी लावा. दुसरं काय बोलू नका."

"आन् पानी?"

"मोटार बंद केलीया. पानी तपासायला उस्मानाबादला धाडलंय. हौद आधीच भरलेला, डबा मागनं पडला असंल."

"असंल?"

माणिकप्पानं मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "लोक घाबरले तर चेंगराचेंगरी हुईल. सोसायटीचं दूध कुनी घेणार न्हाय. तेरा वर्साची संस्था बुडंल. तुमी आज गप ऱ्हावा. रविवारी खोली तुमच्याकडंच ठेवायचा ठराव मी स्वतः मांडतो. शब्द देतो."

कुलसुमबी माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं ती खोली हेच तिचं जग होतं. एक दिवस गप्प बसायचं, आणि ते जग वाचणार होतं. तिनं हात लांब केला आणि माझं बटण दाबलं.

माझे दिवे तापायला लागले. त्या दिवशी विजेचा दाब इतका कमी होता की काचेत नुसती लाल रेघ दिसत होती. बोलता येईल की नाही, माझी मलाच खात्री नव्हती. माझी वीज तोडायचा मोठा खटका दाराजवळ होता, आणि माणिकप्पाचा हात खटक्यावर.

तिनं बोलायला सुरुवात केली नाही, तबकडी लावली. लेझमीची. माणिकप्पानं सुस्कारा सोडला. त्याला वाटलं, हिनं ऐकलं. पण ती गावाला ओळखून होती. पुकारा सुरू झाला की लोक कान झाकून घ्यायचे. गाणं लागलं की उंबऱ्यात यायचे. हलगी चढत गेली, लेझीम खळखळायला लागली, आणि ऐन भरात तिनं सुई उचलली.

गाव एकदम गप्प झालं.

"मी कुलसुम बोलतेय. हिरीत औषध पडलंय. हौदाचं पानी पिऊ नका. दुपारपासनं घरात भरलेलं बी पिऊ नका. जनावराला दावू नका. ओतून द्या."

त्या उन्हाळ्यात 'पाणी ओतून द्या' म्हणणं म्हणजे काय, हे तुम्हांला सांगून कळायचं नाही. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. वीज खाली गेली, माझा आवाज घशात गेला. ती माइक सोडून नुसतीच ओरडली. वीज परत आली. तिसऱ्यांदा सांगितलं. बाहेर माणसं जमली होती. कुणीतरी ओरडलं, "हिला काय ठावं? चेअरमनला इचारा!"

कुलसुमबी उठली. तिनं माइक माणिकप्पापुढं धरला.

त्याचा हात अजून खटक्यावरच होता. खाली ओढला असता तर सगळंच संपलं असतं. त्याचा श्वास माझ्यातून चारही कर्ण्यांवर ऐकू जात होता. मग खटका तसाच सोडून त्यानं हात काढून घेतला.

"खरं हाय," तो म्हणाला. "ओतून द्या."

तेवढ्यात माझा एक दिवा चरचरला आणि विझला.

सोसायटीच्या एका सभासदाच्या, वीरप्पाच्या, दोन म्हशी दुपारीच ते पाणी प्याल्या होत्या, त्या गेल्या. तिघांना उलट्या झाल्या. सोसायटीच्या जीपमधून त्यांना येरमाळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तिघंही आपल्या पायांनी घरी आले.

रविवारी आमच्या खोलीपुढंच सभा भरली. ज्याच्याकडं म्हैस तो सभासद. पिराजी दहा वर्षं कॅन उचलत होता, पण त्याच्या दारी म्हैस नव्हती. मालनबाईकडं नव्हती. कुलसुमबीकडं नव्हती. जे माझ्या गाण्यांवर नाचायचे त्यांतल्या बहुतेकांना त्या सभेत हातच नव्हता.

माणिकप्पानं ठराव वाचला. ठेसन बंद करून खोली गारव्याच्या यंत्राला द्यावी. वाचताना दोनदा थांबला. मग वीरप्पा उठला.

"माझ्या म्हशी गेल्या. पन माझा नातू तांब्या तोंडाला लावनार हुता, तवर सुनंनं हिचा आवाज ऐकला. ठेसन ऱ्हाऊ द्या."

अकरा हात 'राहू द्या' म्हणाले, सव्वीस 'नको' म्हणाले. माणिकप्पानं स्वतःचा हात कुठल्याच वेळी वर केला नाही. मला राग आला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण नासलेलं दूध ओतताना रडणाऱ्या बायाही मी त्याच दारातून पाहिल्या होत्या.

आता मी कुलसुमबीच्या ओसरीत असते. अंगावर जुनं फडकं. विझलेल्या व्हॉल्व्हसाठी रसूलभाई काठी टेकत सोलापूरला जाऊन आला. दुकानदार म्हणाला, "चाचा, असले आता बनत नाहीत." पिराजी म्हणतो, भीमनगरातल्या समाजमंदिरात ठेसन पुन्हा सुरू करू. विजेसाठी अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही. कर्णे अजून खांबांवर आहेत. काढतील की ठेवतील, कुणी सांगत नाही.

काल संध्याकाळी सहाला मालनबाई आली. तिच्या मागून आठ-दहा बाया.

"कुलसुम, तुजी मशीन गप हाय. आपली तोंडं तर गप न्हाईत?"

रसूलभाईनं रिकामा डबा पुढं ओढला आणि बोटांनी ठेका धरला. बायांनी गाणं उचललं. फुगडीला सुरुवात झाली. कुलसुमबी आधी लाजली, मग तीही उठली.

आणि मी काय ऐकलं सांगू? पावलं. मातीवर पडणारी, घासणारी, उडी मारून पुन्हा टेकणारी पावलं. तेरा वर्षं मी या गावाला नाचवलं, पण माझ्याच आवाजाच्या गलबल्यात ती मला कधी ऐकूच आली नव्हती.

तुमच्याकडं जुन्या रेडिओत एखादा व्हॉल्व्ह पडून असेल तर पाठवा. मला अजून वाजायचं आहे. पण नाहीच मिळाला, तर मला माळ्यावर नका टाकू. इथंच, या ओसरीत, अंगणाकडं तोंड करून राहू द्या.