अर्धा सॉस राखणारी बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. उंचीने वीतभर, पोटाने गोल आणि स्वभावाने जराशी आंबट. हा आंबटपणा काही माझा जन्मजात दोष नव्हे. भट्टीतून बाहेर पडले तेव्हा मी चांगली नितळ होते. पण निवते न निवते तोच कारखान्याने माझ्यात व्हिनेगरमधल्या काकड्या ठासून भरल्या. आयुष्याची सुरुवातच व्हिनेगरमध्ये झाल्यावर कोणाचा स्वभाव गोड राहील, तुम्हीच सांगा!

दुकानाच्या फळीवर आम्ही बहिणी रांगेने उभ्या होतो. एका बाईने मला उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि घरी नेलं. ती घरी मशीनवर पडदे आणि कपडे शिवायची, म्हणून सगळी इमारत तिला शिवणताई म्हणायची. काकड्या संपल्या तेव्हा मला वाटलं, आता आपलीही पाळी, कारण रिकाम्या बरण्या कचऱ्यात जातात हे मी ऐकून होते. पण शिवणताईने मला कोमट पाण्यात बुडवलं, अंगावरचा कागद नखाने खरवडून काढला आणि म्हणाली, "तोंड चांगलं रुंद आहे तुझं. चमचा आरामात जातो. राहा तू." आणि मी राहिले.

इमारतीत कोणी नोकरीतून निवृत्त होवो, कोणाकडे बाळ येवो, नाहीतर कोणी घर बदलून जावो, तळमजल्याच्या अंगणात लांब टेबल लागायचं. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ यायचा. शिवणताईकडून पास्ता सॅलड, हे ठरलेलंच. आदल्या दिवशी ती पास्ता उकडायची, तोही नेहमीपेक्षा थोडा मऊ, कारण गार झाला की तो पुन्हा आखडतो. काकडी, गाजर आणि कांदा बारीक चिरायची, मटार वाफवायची. आणि सॉस व्हायचा माझ्या पोटात! मेयोनीज, घट्ट दही, मोहरीची पेस्ट, लिंबाचा रस, चमचाभर व्हिनेगर, मिरपूड, मीठ आणि नावाला साखर. मग झाकण घट्ट लावून ती मला दोन्ही हातांनी अशी घुसळायची की मला गरगरायला लागे.

पुढचं मात्र नीट ऐका. त्यातला अर्धाच सॉस ती पास्त्यावर ओतायची. उरलेला अर्धा माझ्यातच ठेवून मला फ्रिजमध्ये बसवायची.

"पास्ता फार हावरट," ती म्हणायची. "पुढ्यात येईल तेवढं सगळं पिऊन टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर कोरड्या तोंडाने बसतो."

म्हणून दुसऱ्या दिवशी, अगदी टेबलावर वाढताना, ती माझं झाकण उघडायची. राहिलेला सॉस पडला की सॅलड पुन्हा चमकायला लागायचं. लोक म्हणायचे, "वा, काय सुंदर वाडगा भरलाय!" घ्या! कामाला मी आणि कौतुक त्या थोराड वाडग्याचं. मी मनातल्या मनात धुमसायचे, पण दर वेळी ताठ मानेने टेबलावर जायचे.

सगळे तारीफ करायचे, एक वहिनी सोडून. वहिनी म्हणजे शिवणताईच्या थोरल्या भावाची बायको. समोरच्याच जिन्यावरच्या घरात राहायची. भाऊ बस चालवायचा, अबोल आणि मऊ; शिवणताईला तो अजून छोटीच म्हणायचा. वहिनीची जीभ मात्र फटकळ. एक घास खाऊन ती दर वेळी तेच म्हणायची, "मीठ जरा कमी आहे, वन्सं."

शिवणताई तोंडावर हसायची आणि घरी येऊन मला धुताना करवादायची, "नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय!" मलाही वहिनीचा राग यायचा. धुणाऱ्या हाताची बाजू घ्यायची, हा आम्हा भांड्यांचा धर्मच आहे.

मग एका वर्षी शिवणताईला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची चव आणि वास घेऊन गेला. चहा आणि कोमट पाणी तिला एकच लागे. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार. तिने हे कोणालाच सांगितलं नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून निघालं आणि अंगणात टेबल लागलं. शिवणताईने सवयीने सॉस केला. चमचा जिभेला लावला, काही कळेना, म्हणून आणखी व्हिनेगर ओतलं. पुन्हा काही कळेना, पुन्हा ओतलं. मित्रांनो, मी व्हिनेगरमध्ये वाढलेली बरणी, पण मलासुद्धा झिणझिण्या आल्या!

अंगणात सगळे म्हणाले, "छान झालंय हं, नेहमीसारखंच." शिवणताई खूश झाली. पण नंतर ताटल्या विसळायला ती नळापाशी गेली, तेव्हा तिला दिसलं. प्रत्येक ताटलीत कागदी रुमाल पसरलेला होता आणि प्रत्येक रुमालाखाली सॅलडचा ढीग तसाच पडला होता.

घरी येऊन तिने मला धुतलं, पुसलं आणि माझ्यात बटणं भरली.

आता मी शिवणाच्या खोलीत राहू लागले. पोटात शर्टाची पांढरी बटणं, कोटाची काळी बटणं आणि एक पितळी हूक. माझं झाकण गंजलं. अंगणात टेबल लागायचं आणि शिवणताई दुकानातला केक पाठवून द्यायची, स्वतः जायची नाही. "काम आहे," म्हणायची. काम कुठलं? मशीन बंदच असायचं. खिडकीतून खालचा हसण्याचा आवाज यायचा आणि ती उगीचच बटणं निवडत बसायची. तिचं ते बसणं मला बघवायचं नाही. माणसांना खायला घालणं हाच तिचा बोलण्याचा मार्ग होता. तोच बंद झाला होता.

अशातच भावाच्या निवृत्तीचा दिवस ठरला. वहिनी झगा सैल करून घ्यायला आली. तिने निरोप दिला, "हे म्हणतात, बाकी काही नको. छोटीच्या हातचं सॅलड तेवढं हवं."

"बाजारातून आणा," शिवणताई झग्याची शिवण उसवत म्हणाली.

वहिनी काहीतरी टोचून बोलणारच होती, पण मध्येच तिने हवा हुंगली. "वन्सं, दूध लागलंय!"

"कुठे?"

"कुठे काय? घरभर वास सुटलाय!" वहिनी स्वयंपाकघरात धावली. परत आली ती करपलेलं पातेलं हातात घेऊनच. शिवणताईच्या चेहऱ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही. केव्हापासून?"

तेव्हा कुठे शिवणताईने सगळं सांगितलं. ताप, व्हिनेगर, रुमालाखालचे ढीग, सगळं. सांगताना ती रडली.

"आणि एकानेही तोंड उघडलं नाही?" वहिनी कडाडली.

"सगळे छान म्हणाले."

"मी माहेरी गेले होते ना तेव्हा! मी असते तर पहिल्याच घासाला सांगितलं असतं, आंबट ढाण झालंय म्हणून!"

शिवणताई रडता रडता हसली. "हो. तुम्ही नक्की सांगितलं असतं."

"मग ऐका. हात तुमचे, जीभ माझी. इतकी वर्षं फुकट नावं ठेवली, आता कामाला येऊ द्या. आणि ती बरणी रिकामी करा."

ती बरणी म्हणजे मी! बटणं खळखळ करत बिस्किटाच्या डब्यात गेली. मला साबणाने घासलं, नवं झाकण मिळालं. माझ्यात पुन्हा दही पडलं, मेयोनीज पडलं, लिंबू पडलं. शिवणताईने मला घुसळलं आणि खिडकीपाशी उजेडात धरलं, दुकानात धरलं होतं तसंच. माझ्या काचेवरून सॉस कसा ओघळतो, ते ती निरखत होती. चव गेली होती, पण नजर शाबूत होती.

"भराभर ओघळतोय. पातळ आहे. दही घाला थोडं."

वहिनीने चमचा चाटला. "आंबट कमी."

लिंबू पिळलं. पुन्हा घुसळण.

"आता मोहरी नाकात जातेय."

साखर पडली. पुन्हा घुसळण. सॉस आता सायीसारखा काचेला धरून सावकाश उतरू लागला. वहिनीने चमचा चाटला आणि लगेच दुसरा चमचा भरून घेतला.

"बोला ना, वहिनी! काय कमी आहे?"

"थांबा हो. खाऊ द्या जरा."

अर्धा सॉस पास्त्यावर गेला. अर्धा माझ्यात राहिला, नेहमीसारखा.

अंगणात टेबल लागलं. भाऊ नव्या शर्टात अवघडून बसला होता. शिवणताईने माझं झाकण उघडलं आणि राहिलेला सॉस सॅलडवर ओतला. लोकांना मागचं सॅलड आठवत होतं. सगळ्यांनी चमचाभरच घेतलं. मग भावाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा घेताना तो वाडग्यापाशीच उभा राहून खाऊ लागला. मग इतरांनीही ताटल्या पुढे केल्या. "छान झालंय, छान झालंय," चारी बाजूंनी आवाज आले. पण शिवणताईचा आता "छान" या शब्दावर विश्वास राहिला नव्हता. ती जेवणं आटोपायची वाट बघत राहिली.

सगळे उठल्यावर ती थेट नळापाशी गेली. ताटल्यांवरचे रुमाल तिने एकेक करून उचलले. खाली काहीच नव्हतं. मटाराचा एक दाणासुद्धा नव्हता. तिने पदराने डोळे पुसले.

मागून वहिनी आली. पावाच्या तुकड्याने माझ्या पोटातला शेवटचा सॉस पुसून खात म्हणाली, "मीठ जरा कमीच होतं हं, वन्सं."

"मग पुढच्या वेळी तुम्हीच घाला," शिवणताई म्हणाली.

मित्रांनो, आज माझ्या काठाला एक टवका उडालाय, पण माझ्यात आता कोणी बटणं भरत नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण रिकामी झाली तर तिला फेकू नका, कोमट पाण्याने धुऊन ठेवा. आणि कोणी मायेने केलेलं तुम्हाला आवडलं नाही, तर त्यावर रुमाल पांघरू नका. जवळ जाऊन खरं सांगा, आणि मग तिथेच थांबून लिंबू पिळायला मदत करा.